गाडीतला पिवळा दिवा

आज पापड-लोणच्याचं नाही, गाडीचं बोलायचं आहे. बऱ्याच बचत गटांच्या दारात आता गाड्या उभ्या आहेत. कुणी भाजी बाजारात नेतं, कुणी मसाले प्रदर्शनाला. आमच्या गटाची गाडी जुनी, पेट्रोलवरची, कर्ज काढून घेतलेली. चालवतात दोघी, हप्ता भरतो सगळ्या. म्हणून समोरचे दिवे काय सांगतात ते आम्ही सगळ्याच शिकलो, स्टेअरिंगला हात न लावणाऱ्यासुद्धा.

किल्ली फिरवली आणि इंजिन अजून सुरू केलं नाही, तेव्हा बरेच दिवे एकदम लागतात. ही त्यांची हजेरी. इंजिन सुरू झालं की विझायला हवेत. इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा हजेरीलाच लागला नाही, तर तो बिघडलाय, नाहीतर कुणी मुद्दाम काढून ठेवलाय. जुनी गाडी घ्यायला जाल तेव्हा हे आधी बघा, रंग नंतर.

लाल दिव्याशी वाद घालायचा नाही. ऑइलच्या बुधल्याचं चित्र लाल झालं, म्हणजे ऑइलचा दाब पडला. तिथल्या तिथे कडेला घ्या, इंजिन बंद करा. ‘फाट्यापर्यंत तर जाऊ’ म्हणाल तर इंजिन जाम होईल आणि वर्षाची बचत त्यात जाईल. तापमानाचा लाल दिवा लागला तरी थांबायचंच. पण रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका. कुकरची शिट्टी न सोडता झाकण उघडतो का आपण?

आता पिवळा. तो नुसता लागून राहिला आणि गाडी नेहमीसारखी चालत असेल, तर हळू चालवत गॅरेज गाठता येतं. आठवडाभर टाळू नका, एवढंच. पण तो लुकलुकायला लागला तर गोष्ट वेगळी. एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नाही. मेकॅनिक त्याला ‘मिसिंग’ म्हणतात. गाडी धक्के देते, चढाला दम टाकते. न जळलेलं पेट्रोल पुढे धुराच्या नळीतल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, आणि तो महागडा भाग तापून निकामी होतो. वेग कमी करा, जागा बघून थांबा. मात्र वाळल्या गवतावर किंवा पाचटावर गाडी उभी करू नका, खालच्या तापलेल्या भागाने आग लागू शकते.

आमच्या गाडीचा दिवा असाच लुकलुकला. एका गॅरेजवाल्याने बॉनेटही न उघडता सांगितलं, ‘सेन्सर गेला, बदलावा लागेल.’ आमच्या मावशींनी विचारलं, ‘दादा, मशीन लावून कोड बघितला का?’ स्टेअरिंगखाली, गुडघ्याजवळ एक सॉकेट असतं. त्यात स्कॅनर लावला की गाडी आपलं दुखणं आकड्यांत सांगते. आम्ही दुसरीकडे गेलो. कोड निघाला पी 0301, म्हणजे एक नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसिंग. कुठे दुखतंय ते कोड सांगतो, कशाने ते नाही. प्लग असेल, कॉइल असेल, इंजेक्टरही असेल. त्या मेकॅनिकने एक नंबरची कॉइल काढून दोन नंबरला लावली आणि कोड पुन्हा वाचला. आता पी 0302 आला. दुखणं कॉइलबरोबर सरकलं, म्हणजे दोष कॉइलचाच. तेवढी एकच बदलली. सेन्सर आजही जुनाच आहे आणि गाडी चालते आहे.

कुणी बॅटरीची वायर काढून किंवा कोड पुसून दिवा विझवून देतो आणि पैसे घेतो. ताप उतरला म्हणून दुखणं गेलं असं नाही, दिवा पुन्हा लागतो. म्हणून पुसण्याआधी कोड बिलावर लिहून मागा, काढलेला जुना भाग परत मागा. आम्ही कोड, तारीख आणि खर्च गटाच्या वहीत हप्त्याच्या पानाशेजारीच लिहितो, म्हणजे पुढच्या वेळी गाडी कुणीही नेली तरी वही बरोबर जाते.