परदेशीं गेलेल्यांचें घरचें जेवण
(देवळाच्या जुबिलीनिमित्त भरलेल्या सभेंत केलेलें भाषण)



आपल्या धर्मग्रामांतून परदेशीं गेलेल्या मुलाबाळांविषयीं मीं चार शब्द बोलावे, अशी मंडळाची इच्छा आहे. त्यांच्या नोकऱ्या आणि देवळाच्या कामास त्यांनीं पाठविलेली मदत, यांविषयीं चिटणीस सांगतीलच. मी बोलणार आहें तें त्यांच्या ताटाविषयीं. विषय हलका वाटेल. पण प्रवासापूर्वीं आशीर्वादासाठीं माझ्याकडे येणाऱ्या कुटुंबांपैकीं, ज्यांच्या पिशवींत पासपोर्टाशेजारीं मसाल्याची बाटली नव्हती, असें एकहि मला आठवत नाहीं. एका आईनें तर, "फादर, पासपोर्टावर पवित्र पाणी शिंपडलेंत, आतां बाटलीवरहि चार थेंब पडूं द्या," असें सांगितलें, आणि मीं ते पाडले.

ही जिभेची चैन आहे, असें कोणी म्हणेल. आम्हांस सेमिनारींत जिव्हानिग्रहाचे पाठ पुष्कळ मिळाले, आणि त्यांबरोबर 'गणना' ग्रंथाचा अकरावा अध्याय हटकून वाचून दाखविला जाई. इस्राएल लोक रानांत मान्ना खाऊन कंटाळले, आणि मिसर देशांतील मासळी, काकड्या, खरबुजें, कांदे व लसूण आठवून रडूं लागले, ती ही कथा. ती यादी ठाण्याच्या बाजारांतील कोणत्याहि कोळणीनें ऐकली तर तिला आपलीच पाटी आठवेल! त्या लोकांचा अपराध कांदा आठवला हा नव्हे. कांद्यासाठीं दास्यांत परत जाण्यास ते तयार झाले, हा होय. हा भेद ध्यानांत ठेवून पुढें ऐकावें.

आपल्या शेजारच्या कल्याणचेंच उदाहरण घेतों. कल्याणच्या जोशी घराण्यांतील आनंदीबाई १८८३ सालीं वैद्यक शिकण्यासाठीं अमेरिकेस निघाल्या, तेव्हां त्या अवघ्या अठरा वर्षांच्या होत्या. निघण्यापूर्वीं, २४ फेब्रुवारी रोजीं, बंगालमधील श्रीरामपूरच्या कॉलेजांत भर सभेंत त्यांनीं सांगितलें कीं, आपण आहार व पोषाख बदलणार नाहीं. हिंदु म्हणून जाणार आणि हिंदु म्हणूनच परत येणार. ७ एप्रिल रोजीं त्यांनीं कलकत्ता सोडलें व ४ जून रोजीं त्या न्यूयॉर्कला उतरल्या. जहाजावर सोबतीस मिशनरी स्त्रिया, न्यू जर्सींत आश्रय देणारी कार्पेंटरबाई ख्रिस्ती, पुढें फिलाडेल्फियाच्या स्त्रीवैद्यक महाविद्यालयांत भोंवतालची बहुतेक मंडळी ख्रिस्ती. त्या काळीं तेथें कोकम किंवा गोडा मसाला विकणारें दुकान असणें शक्यच नव्हतें. मांसाहारी लोकांच्या देशांत, हाडें गोठविणाऱ्या थंडींत, शाकाहार सांभाळून त्यांनीं अभ्यास केला आणि ११ मार्च १८८६ रोजीं पदवी मिळविली. स्वदेशीं परतल्या त्या क्षय घेऊनच. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास त्यांचा अंत झाला. बाविसावा वाढदिवसहि त्यांनीं पाहिला नाहीं.

त्यांचा आजार आहारामुळेंच बळावला, असें म्हणण्याचा अधिकार मला नाहीं. तें वैद्यांनीं सांगावें. पण परक्या मुलखांत खंगत चाललेल्या त्या देहास दोन वेळां ओळखीचें ऊन ऊन अन्न मिळालें असतें तर, हा विचार माझ्या मनांतून जात नाहीं. त्यांनीं आपला धर्म सोडला नाहीं. दिल्या शब्दास त्या जागल्या, आणि त्याबद्दल त्यांच्यापुढें मी आदरानें मान लववितों.

त्यांच्या पदवीदानास पंडिता रमाबाई हजर होत्या. रमाबाईंनीं २९ सप्टेंबर १८८३ रोजीं इंग्लंडांत वाँटेज येथें बाप्तिस्मा घेतला होता. आपल्या नव्हे, अँग्लिकन पंथाचा. तरी त्यांनीं मांस खाल्लें नाहीं. अंडें घातलेल्या पक्वान्नावरून त्यांच्यावर गर्वाचा ठपका आला, तेव्हां त्यांनीं उलट विचारलें कीं, इंग्रज बाई हिंदुस्थानांत येऊन आपल्या चालीरीती सोडीत नाहीं, तिला कोणी गर्विष्ठ म्हणतें काय? माझ्या मतें या प्रश्नास उत्तर नाहीं. बाप्तिस्म्याच्या जुन्या विधींत बाळाच्या जिभेवर मीठ ठेवीत, हें खरें. पण त्यानें जीभ विलायती होत नसे.

परंतु ही गोष्ट एकेरी नाहीं. आपलें ठाणेंहि कोणाचा तरी परदेश होतें. १३२१ सालीं ज्या ठाण्यांत चार फ्रान्सिस्कन हुतात्मे झाले, त्याच ठाण्याच्या परिसरांत त्यांचा सोबती जॉर्डानस हा डॉमिनिकन साधु वावरत होता. त्यानें पुढें लिहिलेल्या ग्रंथांत फणस, आंबा आणि नारळ यांचें वर्णन मोठ्या नवलानें केलें आहे. ख्रिस्तपुराणाचे कर्ते फादर स्टीफन्स १५७९ च्या ऑक्टोबरांत गोव्यास उतरले. नोव्हेंबरांत वडिलांस लिहिलेल्या पत्रांत त्यांनीं कळविलें कीं, युरोपांत पाहिलेलें एकहि झाड येथें दिसत नाहीं, अपवाद द्राक्षवेलीचा. पण तीहि निरुपयोगी, म्हणून सारा द्राक्षारस पोर्तुगालहून येतो. मिस्सेस द्राक्षारसच लागतो. नारळाचें पाणी चालत नाहीं. तेव्हां ही तक्रार केवळ जिभेची नव्हे, हें कोणीहि पाद्री सांगेल.

पोर्तुगीजांस तर पावावांचून चैन पडेना. आंबवण्यास त्यांचें साधन येथें नव्हतें, म्हणून माडाच्या ताडीनें पीठ फुगवूं लागले. मांस द्राक्षारसांत व लसणींत मुरवून ठेवण्याची त्यांच्या घरची रीत होती. येथें द्राक्षारसाच्या जागीं ताडीचा शिरका आला, अमेरिकेंतून त्यांनींच आणलेली मिरची त्यांत पडली, आणि त्याचें आपलें इंदियाल झालें. त्याचाच भाऊ विंदालू. मूळ शब्द लसणीचा असतां, 'आलू' ऐकून कित्येक त्यांत बटाटा घालतात, हा विनोद वेगळा. १७३९ मध्यें पोर्तुगीजांचें राज्य येथून गेलें. पाव राहिला, 'पाव' आणि 'पाद्री' हे दोन्ही शब्दहि राहिले. आज ज्यास आपण आजीच्या हातचें म्हणतों, त्यांतील पुष्कळसें चारशें वर्षांपूर्वीं कोणा परक्यानें घरच्या आठवणीनें जुळवाजुळव करून रांधलेलें आहे. आणि हें आजहि चाललें आहे. कल्याण-डोंबिवलींत केरळांतील आपले इतके धर्मबंधु येऊन राहिले कीं, १९८८ सालीं कल्याण येथें त्यांची सिरो-मलबार धर्मपीठाची स्थापना झाली. त्यांच्यासाठीं बाजारांत लाल उकडा तांदूळ आणि टॅपिओकाचे कंद मिळूं लागले. ते आतां आपलीं माणसेंहि घरीं आणूं लागलीं आहेत.

आतां बाटलीकडे वळतों. एप्रिल-मे महिन्यांत, पावसापूर्वीं, मिरच्या, धणे, हळद, जिरें, तीळ, मोहरी, खसखस, गहूं, हरभऱ्याची डाळ, दालचिनी, लवंग, जायपत्री, नागकेशर, दगडफूल असे वीस-तीस जिन्नस उन्हांत वाळवावे, निरनिराळे भाजावे, लांकडी उखळांत कुटावे, आणि काळसर बाटल्यांत ठांसून भरावे, म्हणजे आंत हवा राहत नाहीं व मसाला वर्षभर टिकतो. प्रमाण घरोघर वेगळें, आणि प्रत्येक घराच्या मतें शेजारच्या घरचें चुकीचें. ओलावा नसल्यामुळेंच तो समुद्रापार जाऊं शकतो. १९७३ नंतर तेलाचा भाव चढला, आखाती देशांत कामें निघालीं, आणि वसई-ठाण्याचीं मुलें ही बाटली घेऊन तिकडे गेलीं. फुग्यांस ताडी मिळेना, तेथें सुकें यीस्ट आलें. दुबईंत डुकराचें मांस दुकानाच्या वेगळ्या दालनांत मिळतें. सौदींत मिळतच नाहीं, म्हणून नाताळास तेथें सरपोतेल व्हावयाचें तर दुसऱ्या मांसाचेंच. विलायतेंतल्यांची दैना निराळी: १९९७ मध्यें युरोपीय संघाच्या नियमांनीं सुक्या बोंबलाचीच आयात अडविली, आणि ती पुन्हा सुरू होईपर्यंत त्यांस वाट पाहावी लागली.

पण मला विशेष सांगावयाचें आहे तें खसखशीविषयीं. ती अफूच्या बोंडांतील बी आहे. आपल्याकडे ती वाण्याच्या दुकानीं मिळते. परंतु संयुक्त अरब अमिराती व सौदी अरबस्थान येथें ती नेणें हा अमली पदार्थांच्या कायद्याखालीं गुन्हा होतो, आणि तेथें थोड्याशा दाण्यांवरूनहि माणूस तुरुंगांत जाऊं शकतो. आई प्रेमानें बाटली भरते, मुलगा ती न पाहतां पेटींत घालतो, आणि दाणे विमानतळावर सांपडतात! अधिकाऱ्यास आईचें प्रेम दिसत नाहीं, बी दिसते.

म्हणून महिला मंडळास माझी विनंति आहे कीं, यंदा मे महिन्यांत आखाताकडे जाणारी खेप खसखस न घालतां वेगळी कुटावी. ती सर्वांच्या आधीं कुटावी. मागाहून कुटावयाची झाल्यास उखळ व मुसळ धुऊन उन्हांत वाळवावें, चाळणीहि निराळी घ्यावी. त्या बाटल्यांच्या गळ्यास पांढरा दोरा बांधावा. ज्यांच्या घरीं जुन्या बाटल्या भरून ठेवलेल्या आहेत, त्यांनीं त्या येथेंच संपवाव्या. त्या संपविण्यास हात लागत असेल, तर पाद्रीबंगल्यांत रविवारीं दुपारीं मी असतों.