शेततळ्याच्या कागदाचा जोड

शेततळ्याचा कागद ५०० मायक्रॉनचा, चांगला जाड घेतला, पण जोड कच्चा राहिला तर पाणी झिरपून जातं आणि ऐन मे महिन्यात बाग वाळते. म्हणून जोडणीच्या दिवशी आम्ही गटातल्या बायका तळ्यावर हजर राहतो.

हा जोड गोंदाचा नसतो. गरम हवेने दोन्ही पदर वितळतात, लगेच रोलरने दाबले की एकजीव होतात. मधे धूळ किंवा दव राहिलं तर जोड धरत नाही, म्हणून पदर आधी कोरड्या फडक्याने पुसून घेतो. उष्णता कमी पडली तर पदर नुसते चिकटतात, जास्त झाली तर कागद जळतो. वारा सुटला, ऊन चढलं की तापमान बदलावं लागतं.

म्हणून रोज काम सुरू करण्याआधी तुकड्यावर जोड करून बघायचा. थंड झाला की पट्टी कापून दोन्ही पदर ओढायचे. जोड उकलला तर नापास. जोड टिकला आणि कागदच ताणला, तर पास.

शेवटी बोथट स्क्रू-ड्रायव्हर थंड जोडाच्या कडेने हलकेच फिरवतो. टोक आत शिरलं, तिथे खडूची खूण आणि पुन्हा जोड. सगळ्या खुणा मिटल्याशिवाय शेवटचा हप्ता देत नाही. तुम्हीही देऊ नका.