बक्षिसाचें कोष्टक आणि दहीहंडीचे थर

गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशीं मुंबईहून ठाण्याच्या हंड्यांकडे निघालेल्या पुष्कळशा गोविंदा पथकांचा रस्ता कोपरीच्या रेल्वेपुलावरून जातो. ट्रकमध्यें बसलेल्या तरुणांचें लक्ष ढोलताशाकडे असतें. पथकप्रमुखाच्या मनांत मात्र आंकडेमोड चाललेली असते. आज किती हंड्यांस सलामी द्यावयाची, कोठें सात थरांवर थांबावयाचें आणि कोठें नवांचा प्रयत्न करावयाचा, हें त्याला ठरवावें लागतें.

हा निर्णय केवळ बळावर होत नाहीं. आयोजक थरागणिक बक्षीस लावतात, आणि तें सारख्या पायऱ्यांनीं चढत नाहीं. सात थरांस बेताची रक्कम, आठांस त्याहून थोडी अधिक, आणि नवांस एकदम लाखांची उडी! समजा, आठांस २५ हजार व नवांस ५ लाख ठेवले आहेत. पथकाला आठ थर दहांपैकीं नऊ वेळां साधतात, नऊ मात्र एकदांच. तर आठांच्या प्रयत्नाचें सरासरी मोल साडेबावीस हजार, आणि नवांच्या प्रयत्नाचें ५० हजार. नवांचें बक्षीस २ लाखांवर आणलें कीं तेंच मोल २० हजारांवर येतें आणि तोच प्रमुख आठांवर समाधानानें उतरतो. पथक तेंच, खांदे तेच. बदललें तें फक्त फलकावरील एक आंकडा.

पोकर नांवाच्या पत्त्यांच्या खेळांतही हेंच दिसतें. चार खेळाडू उरले आणि बक्षिसें तीनच असलीं, तर मध्यम बळाचा खेळाडू चांगलीं पानें हातीं असूनही डाव सोडतो. आपल्याहून दुबळा आधीं बाद व्हावा म्हणून वाट पाहतो. सारी रक्कम एकट्या विजेत्याची असेल तर त्याच पानांवर तो बेधडक लढेल. मात्र तेथें हरणाऱ्याच्या सोंगट्या जातात. येथें खालच्या थरांतील माणसाचा खांदा निखळतो, वरच्या पोराचें डोकें आपटतें. आणि नऊ वेळां कोसळण्याचा हा खर्च वरील हिशेबांत धरलेलाच नाहीं. तो धरला तर ५० हजारांतून काय उरेल?

ठाण्यानें उंचीची हौस पुरेपूर पाहिली आहे. २०१२ सालीं जोगेश्वरीच्या जय जवान पथकानें येथें नऊ थर लावून ४३.७९ फुटांचा जागतिक विक्रम केला. २०२५ सालीं कोकणनगर पथकानें ठाण्यांतच दहा थर लावले. मधल्या काळांत, २०१४ सालीं, मुंबई उच्च न्यायालयानें २० फुटांची मर्यादा घातली. ती २०१७ सालीं उठली, मात्र चौदा वर्षांखालील मुलें चढवावयाचीं नाहींत, हें बंधन राहिलें. २०२२ सालीं राज्य शासनानें हा साहसी खेळ ठरविला आणि अपघाती मृत्यूस १० लाखांचें साहाय्य जाहीर केलें. त्या वेळचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे हे कोपरी-पाचपाखाडीचेच आमदार, हा योगायोग ठाणेकरांच्या ध्यानांत असेल.

स्पेनमधील कॅटलोनिया प्रांतांतही असेच मानवी मनोरे उभारतात. तेथील तारागोना शहराच्या स्पर्धेंत मनोरा उभा राहिला एवढ्यानें पुरे गुण मिळत नाहींत. सर्वजण सुखरूप खालीं उतरले तरच ते मिळतात, उतरतांना मनोरा ढासळल्यास कमी. आपल्याकडे वरच्या गोविंदानें उभें राहून हात उंचावला कीं थर लागले असें मानण्याची रीत आहे. त्यानंतरच्या उतरणीस कोष्टकांत रकानाच नाहीं. साहजिकच सारा सराव चढण्याचा होतो, आणि थकलेल्या पायांवर उतरावयाचें असतें तेव्हां खालीं टाळ्या चालू असतात. एखाद्या मंडळानें निम्मी रक्कम सलामीस व निम्मी सुखरूप उतरण्यास ठेवून पाहावें. त्या दिवशीं नवांचा बेत करणारीं पथकें किती उरतात, तें कोपरीच्या पुलावरून परतणाऱ्या ट्रकांवरून कळेल.