मोटारसायकलीवरून कळंबला

क्रूझर जातीची मोटारसायकल रमतगमत जाणाऱ्यानेंच घ्यावी. २०२० सालीं निघालेल्या ३४९ सी. सी. च्या मीटिऑरचेंच पाहा : बैठक अवघी ७६५ मिलिमीटर उंच, पाय पुढें, पाठ ताठ, वजन मात्र १९१ किलो! नालासोपाऱ्याहून निर्मळमार्गें कळंबला जातांना अरुंद वळणांवर तें वजन हातांना जाणवतें. मोकळ्या रस्त्यावर तेंच गाडीला स्थिर ठेवतें. नव्या मालकाला मोह होतो गाडी थेट पुळणींत घालण्याचा. तेथें मागचें चाक आपणच खड्डा खणतें, आणि भरती कोणासाठीं थांबत नाहीं. सुरूंच्या अलीकडे, घट्ट जमिनीवर गाडी ठेवून पायीं जावें. खाऱ्या हवेनें साखळी लवकर गंजते. म्हणून घरीं परततांच ती गोड्या पाण्यानें धुऊन, कोरडी करून वंगण द्यावें. मला तर ह्या सेवेंतही फेरीइतकाच आनंद वाटतो.