व्यायाम शिकविणारीने आधी काय शिकावे?

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज मी चार शब्द बोलावेत असा आग्रह चिटणीसबाईंनी धरला तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. माझा व्यवसाय माणसांना उठविण्या-बसविण्याचा. तासभर एका जागी बसवून ठेवण्याचा नव्हे. पण त्या म्हणाल्या, "पंचेचाळिसाव्या वर्षी तुम्ही व्यायामशास्त्राचा अभ्यास का केलात, एवढेच सांगा. बायका मला विचारतात." तेव्हा तेवढेच सांगते.

कोणाला वाटते, मुलगा नोकरीला लागला, आता हिचा वेळ जात नाही. कोणाला वाटते, हिला स्वतःचे वजन उतरवायचे होते. खरे कारण निराळे आहे, आणि ते आधी सांगितल्यावाचून पुढचे बोलणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

२०२० साली साथीमुळे आपण सगळ्या घरात कोंडलो गेलो. त्या काळात मोबाइलवर पाहून पाहून मी व्यायाम करू लागले. मला उत्साह वाटू लागला. मंडळाचे सभागृह पुन्हा उघडल्यावर, २०२१ च्या दिवाळीनंतर, मी येथेच सकाळचा वर्ग सुरू केला. फी नव्हती, हौस होती. वीस-बावीस जणी येत. मी गाणे लावी आणि पुढे उभी राहून सांगे, "गुडघे ताठ, खाली वाका, पायाची बोटे धरा! आणखी जोरात! आणखी दहा वेळा!" कोणाचे वय किती, कोणाला रक्तदाब, कोणाच्या गुडघ्याचे दुखणे किती जुने, यांतले एक अक्षरही मी कोणाला विचारले नाही.

त्या वर्गात समोरच्या चाळीतल्या काकू येत. वय तेव्हा सहासष्ट. दोन महिन्यांनी त्या यायच्या थांबल्या. मला वाटले, थंडीमुळे येत नसतील. पुढे त्यांच्या सूनबाई भाजीबाजारात भेटल्या आणि म्हणाल्या, "आईंचा पाठीचा मणका दबला आहे. हाडे ठिसूळ झाली आहेत म्हणे. सहा आठवडे पट्टा आहे." मी हळहळले, फळे घेऊन भेटायला गेले. पण त्या मणक्याचा आणि माझ्या वर्गाचा काही संबंध असेल ही शंका तेव्हा माझ्या मनाला शिवली नाही. आज काकू पहिल्याच रांगेत बसल्या आहेत आणि त्यांच्या परवानगीने मी हे सांगत आहे.

त्याच वर्षी, २०२२ च्या जुलैत, मी दादरला शनिवार-रविवारचा अभ्यासक्रम घेतला. का, तर वर्ग वाढवावा, चार पैसे मिळावेत, एवढाच विचार. डोंबिवलीहून सकाळची लोकल, डब्यात पुस्तक उघडे, मांडीवर पोळीभाजीचा डबा. वर्गातली मुले माझ्या मुलाच्या वयाची. ती मला पहिल्या दिवशी कोणाची तरी आई समजली, आणि दुसऱ्या आठवड्यापासून माझ्या वहीवरून टिपणे उतरवू लागली!

अभ्यास सोपा नव्हता. स्नायूंची नावे लॅटिन, पुस्तक इंग्रजी. मग मी नावे मराठीत फोडू लागले. बायसेप्स म्हणजे दोन शिरांचा, ट्रायसेप्स तीन शिरांचा, मांडीचा क्वाड्रिसेप्स चार शिरांचा. अशी फोड केली की नाव डोक्यात राही. स्नायू आखडतो म्हणजे आत नेमके काय होते, हेही तेथेच कळले. स्नायूच्या तंतूत जाड आणि बारीक अशा दोन जातींचे धागे असतात. दोन्ही हातांची बोटे एकमेकांत सरकवावीत तसे ते एकमेकांत सरकतात. धागा स्वतः आखूड होत नाही, सरकतो. हा शोध १९५४ साली प्रसिद्ध झाला, आणि तो लावणाऱ्यांत जीन हॅन्सन नावाची एक बाई होती, हे वाचून मला फार बरे वाटले.

दुसरी एक गोष्ट लंडनची. जेरी मॉरिस या डॉक्टरांनी तेथील दुमजली बसगाड्यांचे चालक आणि वाहक यांची तुलना करून १९५३ साली निष्कर्ष छापले. चालक दिवसभर बसून, वाहक दिवसभर जिना चढून-उतरून तिकिटे फाडणार. हृदयविकाराचे प्रमाण चालकांत जास्त निघाले. येथे आपल्यातली एखादी म्हणेल, "मग आम्ही दिवसभर घरात वाहकासारख्याच फिरतो, घरकाम हाच आमचा व्यायाम." अर्धे खरे आहे. हालचाल कोणतीही असो, ती उपयोगी पडतेच. पण आपल्या आज्यांनी जाते ओढले, उखळात कांडले, विहिरीचे पाणी शेंदले, चुलीपुढे उकिडवे बसून स्वयंपाक केला. आपल्या वाट्याला मिक्सर, धुण्याचे यंत्र आणि उभा ओटा आला. त्याचे मला दुःख नाही, ते जाते मला परत नको! पण जाते गेले तेव्हा त्याबरोबर खांद्या-पायांवरचा भारही गेला, आणि त्याची भरपाई आपण कशानेच केली नाही. श्रावणातली मंगळागौर तेवढी राहिली. बसफुगडी घालून पाहा, मांड्या काय म्हणतात ते लगेच कळेल.

स्नायू आणि हाड यांचा स्वभाव असा आहे की त्यांच्यावर नेहमीपेक्षा थोडा जास्त भार पडला आणि नंतर पुरेशी विश्रांती व अन्न मिळाले, तरच ती बळकट होतात. भार नाही तर वाढ नाही. विश्रांती नाही तरीही वाढ नाही. पाळी गेल्यानंतरची काही वर्षे बायकांच्या हाडांची झीज झपाट्याने होते, म्हणून या वयात तर भार अधिकच हवा. पुष्कळजणींना भीती वाटते की वजने उचलली तर पुरुषांसारखे दंड होतील. तसे होत नाही. ज्या संप्रेरकाने ते होते ते आपल्या शरीरात पुरुषांच्या मानाने फारच थोडे असते. आणि "आता या वयात काय?" असे म्हणणाऱ्यांसाठी एक उदाहरण. १९९० साली मारिया फियाटारोन या डॉक्टरबाईंनी बॉस्टनमधील एका वृद्धाश्रमात नव्वदीच्या आसपासच्या दहा माणसांकडून आठ आठवडे पायांचे भाराचे व्यायाम करवून घेतले. ज्यांनी ते पुरे केले त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली.

आता मूळ गोष्टीकडे येते. अभ्यासक्रमाच्या चौथ्या महिन्यात ठिसूळ हाडांवरचा धडा होता. मेहरशीद सिनाकी आणि बेथ मिकेल्सन या दोन बायकांनी अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये अभ्यास करून १९८४ साली तो प्रसिद्ध केला. हाडे ठिसूळ झालेल्या ५९ स्त्रिया. काहींनी पाठ मागे ताणण्याचे व्यायाम केले, काहींनी पोट आवळून पुढे वाकण्याचे. पुढे तपासले तेव्हा पाठ मागे ताणणाऱ्यांपैकी १६ टक्के बायकांच्या मणक्यांत नवा बिघाड दिसला. पुढे वाकणाऱ्यांत ८९ टक्के.

मी ते दोन आकडे वाचले आणि माझ्या कानात माझाच आवाज आला. "गुडघे ताठ, खाली वाका, आणखी जोरात!"

अभ्यास लहान होता हे खरे. काकूंचा मणका माझ्या वर्गामुळेच दबला की तो एरवीही दबला असता, हे कोणी छातीठोक सांगू शकणार नाही. पण मी विचारले नव्हते. एका प्रश्नाने त्यांना वेगळा व्यायाम देता आला असता, आणि तो प्रश्न विचारावा हेच मला माहीत नव्हते.

त्या संध्याकाळी दादरहून मी घरी न जाता सरळ काकूंकडे गेले. म्हटले, "काकू, तुमची पाठ कदाचित माझ्यामुळे गेली." त्या भाजी निवडीत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "मला माहीत होतं गं. वाकताना कट्कन आवाज झाला तो तुझ्याच वर्गात." मी म्हटले, "मग बोलला का नाहीत?" तर म्हणाल्या, "तू वर्ग बंद केला असतास. बाकीच्या बायका घराबाहेर पडत होत्या, तेही गेलं असतं." आणि थोड्या वेळाने, "आता शिकतेस ना? मग पुरतं शीक आणि ये."

पुरते शिकणे लगेच जमले नाही. अमेरिकन कौन्सिल ऑन एक्सरसाइज या संस्थेची परीक्षा मी दिली. दीडशे प्रश्न, तीन तास. पहिल्या खेपेला नापास झाले. दोष माझाच, मी पाठांतर केले होते आणि प्रश्न होते विचाराचे. "अमुक वयाची, अमुक दुखणे असलेली बाई तुमच्यासमोर आली आहे, प्रथम काय कराल?" घरी आल्यावर यांनी काही न विचारता चहा केला, आणि सासूबाई म्हणाल्या, "परीक्षाच आहे, पुन्हा देता येते." २०२३ साली दुसऱ्या खेपेला पास झाले. त्या परीक्षेला बसण्यापूर्वी बंद पडलेले हृदय दाबून चालू ठेवण्याचे प्रशिक्षणही घ्यावे लागले. रबरी बाहुल्याच्या छातीवर मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा दाब द्यायचा. दोन मिनिटांत घाम फुटतो. ही एक गोष्ट तर आपल्या प्रत्येक घरात एकीला तरी यावी.

मग काकू आल्या, डॉक्टरांची चिठ्ठी घेऊनच. त्यांना पुढे वाकविणे मी बंद ठेवले. खुर्चीवर बसणे-उठणे, भिंतीला हात टेकून दाब देणे, पाठ सरळ ठेवून खांदे मागे ओढणे, ओट्याला धरून एका पायावर उभे राहणे, एवढेच. हात छातीवर घेऊन अर्ध्या मिनिटात किती वेळा खुर्चीवरून उठता येते अशी एक साधी परीक्षा आहे. पासष्ट ते एकोणसत्तर वर्षांच्या स्त्रीला अकरा वेळा तरी जमावे. काकूंना पहिल्या दिवशी पाच वेळा जमले. पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली हे आमचे पहिले वजन. सात महिन्यांनी अकरा झाले. गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्या सतरंजीवर बसल्या आणि कोणाचा हात न धरता उठल्या. माझ्या प्रमाणपत्रापेक्षा मला त्याचे मोल अधिक आहे.

या धंद्यात येऊ इच्छिणाऱ्या आपल्या मुलींना व सुनांना माझे सांगणे एवढेच. काम चांगले आहे, बायकांना बाईच शिक्षक हवी असते, आणि पंचेचाळिशीही आड येत नाही. पण शरीररचना व शरीरक्रिया मन लावून शिका. आपल्या देशात या कामाला सरकारी परवाना लागत नाही. आज कोणीही स्वतःला ट्रेनर म्हणवू शकतो, मीही म्हणवीत होते. म्हणूनच आपली मर्यादा आपणच ओळखायची. आजाराचे निदान करणे, औषध सांगणे हे आपले काम नव्हे. तेथे डॉक्टरांकडे पाठवावे.

आणि ज्या व्यायामाला जाणार आहेत त्यांनी शिक्षिकेला आधी तीन गोष्टी विचाराव्यात. आपण कोठे शिकलात? कोणी कोसळले तर काय कराल? माझ्याबद्दल आपण मला काय विचारणार आहात? तिसऱ्याला उत्तर नसेल तर चप्पल घालून घरी यावे. छातीत दुखते का, चक्कर येते का, रक्तदाबाची गोळी चालू आहे का, पूर्वी हाड मोडले आहे का, हे विचारल्याशिवाय कोणी तुम्हाला एक बैठकही काढायला लावू नये. वजन उचलताना श्वास कोंडू नये. चालताना बोलता यावे पण गाता येऊ नये, एवढा वेग पुरे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितलेले माप असे: आठवड्याला किमान १५० मिनिटे अशी हालचाल, दोन दिवस ताकदीचे व्यायाम, आणि पासष्टीनंतर तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम.

शेवटी मंडळाकडे एक मागणे. वर्धापनदिनाच्या निधीतून धावण्याचे यंत्र घ्यावे असे काहींच्या मनात आहे. कृपा करून घेऊ नये. बाहेर रस्ता फुकट आहे. त्याऐवजी न हलणाऱ्या, बिनहाताच्या बारा मजबूत खुर्च्या आणि एक-दोन किलोच्या वजनांच्या काही जोड्या घ्याव्यात, आणि सभागृह सोमवारी व गुरुवारी सकाळी सात ते आठ द्यावे. वर्ग मी घेईन. साठीच्या पुढच्यांकडून फी घेणार नाही; ते माझ्याकडून फेडायचे राहिले आहे. पहिल्या सोमवारी व्यायाम होणार नाही. त्या दिवशी मी फक्त वही घेऊन बसेन आणि प्रत्येकीला प्रश्न विचारीन. कोणाला काय दुखते ते लपवू नका. माझ्या हौसेला जपण्यासाठी तर मुळीच नको.