ऑनलाइन बैठक आणि दूरच्या शाळा

शिक्षण क्षेत्रातील ऑनलाइन बैठकीचा सर्वांत मोठा लाभ दूरच्या शाळांना होतो. वर्धा जिल्ह्यात आठ तालुके आहेत. आष्टी, कारंजा किंवा समुद्रपूर तालुक्यातल्या शिक्षकाला बैठकीसाठी वर्ध्याला यायचे तर शाळेचा दिवस मोडतो. शाळा द्विशिक्षकी असेल, तर मागे राहिलेल्या एकट्या शिक्षकावर सगळे वर्ग येऊन पडतात. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या आणि गूगल मीट, झूम ही नावे शिक्षकांच्या रोजच्या बोलण्यात आली. शाळा पुन्हा भरल्या, तरी ‘व्हीसी’ म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्स राहिली. ती फलदायी व्हायची, तर ज्याचे नेटवर्क सर्वांत कमजोर आहे त्या सहभागीला डोळ्यांसमोर ठेवून तिची आखणी करावी लागते.

बैठकीचे निम्मे काम आधीच होते. केवळ सूचना द्यायची असेल, तर लेखी संदेश पुरतो. बैठक चर्चेसाठी आणि निर्णयासाठी असते. विषयपत्रिका, लिंक आणि लागणारे तक्ते एक-दोन दिवस आधी पाठवावेत. म्हणजे ऐनवेळी आवाज तुटला, तरी समोरच्याला चर्चा कोठे पोहोचली हे कळते. विषय दोन-तीनच असावेत. केंद्र सरकारच्या जुलै २०२० मधील ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शक सूचनांनी पहिली ते आठवीच्या मुलांसाठी दिवसाला ३० ते ४५ मिनिटांची जास्तीत जास्त दोन ऑनलाइन सत्रे सुचवली होती. पडद्यासमोर मोठ्यांचेही लक्ष फार वेळ टिकत नाही, हे बैठक ठरवताना ध्यानात घ्यावे.

प्रत्यक्ष बैठकीत चित्रापेक्षा आवाज महत्त्वाचा. नेटवर्क अपुरे असेल तेथे कॅमेरा बंद ठेवला, की आवाज बहुधा सुधारतो. पडद्यावरचा तक्ता बोलून समजावला, तर केवळ ऐकणाऱ्यालाही तो कळतो. अध्यक्ष चर्चा चालवत असताना दुसऱ्या एखाद्या व्यक्तीने लेखी संदेशांवर लक्ष ठेवावे आणि संपर्क तुटलेल्यांना फोन लावून जोडून घ्यावे.

‘कोणाला काही शंका?’ या प्रश्नाला बहुतेक वेळा उत्तर येत नाही. त्याऐवजी केंद्राचे किंवा शाळेचे नाव घेऊन प्रत्येकाला पाळी द्यावी आणि सुरुवात दूरच्या शाळेपासून करावी. काही जण सभागृहात आणि काही ऑनलाइन असतील, तर अधिक काळजी हवी. सभागृहातली आपसातली बोलणी बाहेरच्यांना गलक्यासारखी ऐकू येतात. म्हणून तेथे एका वेळी एकानेच, माइकजवळ येऊन बोलावे.

पालकांच्या बैठकीचा विचार वेगळा करावा लागतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य महिला असतात. कापूस वेचणीच्या दिवसांत दुपारची वेळ त्यांच्या सोयीची नाही. शेतातून परतल्यावर, स्वयंपाकाची घाई उरकल्यावर बैठक घ्यावी. घरात एकच मोबाइल असेल, तर शेजारच्या दोन-तीन पालकांना एकत्र बसून सहभागी होता येते. कार्यालयीन शब्द टाळून साध्या बोलीत विषय मांडला, की पालक मोकळेपणाने बोलतात.

बैठकीचे मोल शेवटी ठरते ते निर्णयांवरून. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिने मातृभाषेतून शिक्षण आणि उत्पादक हस्तव्यवसाय यांविषयीचे ठराव केले आणि अभ्यासक्रमासाठी डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात समितीचा अहवाल तयार झाला. काम कोणाकडे हे ठरले होते, म्हणून विचार कागदावर उतरला. ऑनलाइन बैठकीलाही हाच नियम लागू आहे. संपण्यापूर्वी प्रत्येक निर्णय, त्याची जबाबदारी आणि मुदत वाचून दाखवावी. त्याच दिवशी थोडक्यात इतिवृत्त सर्वांना पाठवावे आणि संपर्क तुटलेल्या सहभागींना दुरुस्ती सुचवण्याची संधी द्यावी. पुढच्या बैठकीतला पहिला विषय या कामांचा आढावा हाच असावा.