संकेतस्थळाची आखणी



घर बांधावयाचे झाले म्हणजे पाया खणण्यापूर्वी गवंडी जमिनीवर फक्कीच्या रेघा ओढतो. त्या रेघांत उभे राहून घरची माणसे म्हणतात, 'स्वयंपाकघर अरुंद होते आहे', 'दार पूर्वेस हवे'. फक्कीची रेघ पुसावयास काहीच खर्च येत नाही; भिंत पाडावयास येतो. शाळेचे संकेतस्थळ तयार करताना मात्र हा व्यवहारी विवेक सहसा सुटतो. रंग, छायाचित्रे, सरकती अक्षरे यांची निवड आधी होते, आणि या स्थळावर कोण येणार व कशासाठी येणार, हा प्रश्न कोणी विचारीतच नाही.

संकेतस्थळाच्या अशा कच्च्या आखणीस 'वायरफ्रेम' म्हणतात. ती करण्यास संगणकही लागत नाही. कोऱ्या कागदावर चौकट काढावी. मजकुराच्या जागी रेघा, चित्राच्या जागी फुली मारलेला चौकोन, आणि जेथे बोट ठेवले असता दुसरे पान उघडावयाचे तेथे लहानशी पेटी व तीत प्रत्यक्ष यावयाचे शब्द, एवढे पुरे. रंग मुळीच भरू नये. रंग दिसला की चर्चा रंगाचीच होते, आणि कोणती गोष्ट वर असावी व कोणती खाली, हा खरा विचार मागे पडतो.

परंतु पेन्सिल हाती घेण्यापूर्वी येणाऱ्याची गरज ओळखली पाहिजे. हंगामात साखर कारखान्याच्या तळावर उतरलेल्या ऊसतोड कुटुंबातील माता शाळेचे स्थळ उघडते, ती मुख्याध्यापकांचे मनोगत वाचण्यासाठी नव्हे. वर्षाच्या मध्येच मुलास प्रवेश मिळेल काय, जन्मदाखला गावी राहिला असता चालेल काय, आणि कोणास भेटावे, एवढेच तिला हवे असते. या प्रश्नांची उत्तरे २००९ च्या शिक्षणहक्क अधिनियमात आहेत. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, असे कलम १४ सांगते. आणि शाळा सोडल्याचा दाखला येण्यास विलंब झाला म्हणून प्रवेश अडविता येत नाही, असे कलम ५ सांगते. हीच माहिती जर 'परिपत्रके' या सदराखाली, अस्पष्ट छायाप्रतीच्या सातव्या पानावर दडलेली असेल, तर ती असून नसल्यासारखीच. आईने मोबाइल मिटला की मुलगा तो हंगाम फडातच काढतो. म्हणून आखणीत 'प्रवेश हवा आहे' ही पेटी सर्वांत वर हवी. पाहुण्यांच्या सत्काराची छायाचित्रे तळाशी गेल्याने कोणाचे काही बिघडत नाही.

या विचाराचे मोठे उदाहरण ब्रिटनमध्ये घडले. तेथील सरकारने १७ ऑक्टोबर २०१२ रोजी 'डायरेक्टगव्ह' व 'बिझनेस लिंक' ही आपली दोन प्रमुख स्थळे बाजूस सारून 'गव्ह डॉट यूके' हे एकच स्थळ त्यांच्या जागी आणले. त्या कार्यातील पहिले तत्त्व असे की, आरंभ सरकारच्या सोयीपासून नव्हे, नागरिकाच्या गरजेपासून व्हावा. सार्वजनिक सुट्ट्यांचे पान उघडले की पुढची सुट्टी कोणत्या दिवशी, हे प्रथम मोठ्या अक्षरांत दिसते. बाकीचा तपशील त्याखाली. २०१३ साली लंडनच्या डिझाइन म्युझियमने या साध्यासुध्या, जवळजवळ रूक्ष दिसणाऱ्या स्थळास त्या वर्षीची सर्वोत्कृष्ट रचना ठरविले. सजावटीच्या हौशी मंडळींनी याची नोंद घ्यावी.

आखणी झाली की तिची परीक्षा शिक्षकांकडून नव्हे, पालकांकडून करवावी. कागद पुढे ठेवून विचारावे, 'मुलाचे नाव घालावयाचे आहे, तर बोट कोठे ठेवाल?' आणि मग गप्प बसावे. हे गप्प बसणे शिक्षकास सर्वांत अवघड जाते. बोट भलतीकडे गेले तर चूक पालकाची नसून कागदाची, असे समजावे. अशी परीक्षा पाच माणसांवर घेतली तरी बहुतेक दोष उघडकीस येतात, असे याकोब नील्सन यांनी २००० साली प्रतिपादिले. पाचांनंतर आखणी सुधारावी व पुन्हा वेगळ्या पाचांपुढे न्यावी.

आणखी एक. आखणीचा कागद फळ्याएवढा घेऊ नये. बहुतेक पालकांच्या हाती संगणक नसतो, मोबाइल असतो. तेव्हा कागद तळहाताएवढाच कापावा. त्यावर जे मावत नाही ते पहिल्या पानावर ठेवण्याचा आग्रह सोडून द्यावा.